लहान शिडाच्या होडीत नांगराची जड साखळी भरण्याची रीत

साखळी कप्प्यात शिरली की काम झाले असे समजून बहुतेक जण झाकण लावून टाकतात, आणि चूक नेमकी तिथेच होते. साखळी नीट भरली गेली की नाही हे ती आत जाताना कळत नाही. वारा वाढलेला असतो, किनारा जवळ आलेला असतो, नांगर घाईने सोडावा लागतो आणि बारा-पंधरा मीटर साखळी सुटल्यावर ती आतल्या आत अडकून बसते, तेव्हा ते कळते. म्हणून पुढचा प्रत्येक टप्पा एकाच प्रश्नावर पारखून घ्यावा: ही साखळी कोणाचाही हात न लागता शेवटच्या कडीपर्यंत सुरळीत बाहेर जाईल का?

ही रीत साधारण 9 ते 13 मीटर लांबीच्या, विंडलास, म्हणजे साखळी ओढणारे यंत्र, बसवलेल्या होड्यांसाठी लिहिली आहे. हाताने साखळी ओढणाऱ्यांनी विंडलासपुरते मुद्दे सोडून बाकीचे जसेच्या तसे पाळावेत. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये. आधी साखळी आणून मग कप्प्याचा विचार करणाऱ्यांना तेच सत्तर-ऐंशी किलोचे ओझे दोनदा उचलावे लागते.

टप्पा 1: वजन आणि जागा यांचा हिशेब

साखळी विकत घेण्यापूर्वी किंवा जुनी बदलण्यापूर्वी तीन आकडे कागदावर मांडावेत: साखळीचे एकूण वजन, तिच्या ढिगाला लागणारी जागा आणि ढिगाच्या माथ्यापासून वरच्या, साखळी आत पडते त्या भोकापर्यंत उरणारी उंची.

वजनाचा हिशेब सोपा आहे. 8 मिलिमीटर जाडीच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे 1.4 किलो भरते आणि 10 मिलिमीटरच्या साखळीचे सुमारे 2.2 ते 2.3 किलो. म्हणजे 8 मिलिमीटरची 60 मीटर साखळी 84 किलोच्या आसपास जाते आणि 10 मिलिमीटरची तेवढीच साखळी 130 किलोच्या पुढे जाते. जाडीत फरक दोनच मिलिमीटरचा दिसतो, पण होडीच्या पुढच्या टोकावर एका अख्ख्या माणसाइतके ओझे कायमचे वाढण्याच्या जवळ आपण जातो.

जागेचा अंदाज मात्र हमखास चुकतो. 84 किलो पोलाद वितळवून ओतले तर ते 11 लिटरच्या भांड्यात मावेल. पण तीच साखळी ढीग होऊन पडली की कड्यांमधल्या पोकळीमुळे तिला त्याच्या साधारण चौपट जागा लागते. त्यातही ढिगाचा माथा सपाट नसतो, तो शंकूसारखा वर चढतो. कप्पा 50 लिटरचा आहे म्हणून 42 लिटरचा ढीग त्यात सुखाने बसेल, असे होत नाही, कारण कोपऱ्यांत जागा रिकामी राहते आणि माथा भोकाला जाऊन भिडतो.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कोणी मोजत नाही. साखळी विंडलासच्या चाकीवरून सुटून स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजे. खाली लोंबणाऱ्या साखळीच्या वजनानेच पुढची कडी चाकीतून ओढली जाते. ढिगाचा माथा वर आला की लोंबणारी साखळी आखूड होते, तिचे वजन पुरत नाही, आणि कडी चाकीवरच रेंगाळून पुढच्या कडीखाली चेपली जाते. पूर्ण साखळी आत असताना ढिगाचा माथा आणि भोकाचे खालचे तोंड यांत किमान 30 सेंटिमीटर मोकळी उंची हवी. त्याहून जास्त मिळाली तर उत्तमच.

ही उंची मोजण्यासाठी गणित करत बसू नये. जुनी साखळी असेल तर ती सगळी आत घ्यावी आणि टॉर्च लावून पट्टीने माथा मोजावा. साखळी नवीन आणायची असेल तर उसनी घेतलेली दहा मीटर साखळी बादलीत वरून सोडावी, तिने व्यापलेली जागा पाहावी आणि आपली साखळी तिच्या जितकी पट लांब असेल तितक्याने गुणावी.

उंची कमी पडत असेल तर सुधारणा याच टप्प्यावर करावी. कप्प्याचा खोटा तळ खाली नेता येतो का, हे आधी पाहावे. ते जमत नसेल तर साखळीची लांबी कमी करून मागे नायलॉनचा दोर जोडावा, किंवा अधिक बळकट पोलादाची, एक माप पातळ साखळी घ्यावी. शेवटच्या उपायात जिप्सी, म्हणजे विंडलासची खाचांची चाकी, बदलावी लागते, हे खर्चाच्या हिशेबात धरावे.

सावधान: जाडी जुळली म्हणजे साखळी जिप्सीला जुळली असे नाही. 10 मिलिमीटरची साखळी दोन प्रचलित मानकांत मिळते. एकीत कडीची आतील लांबी 28 मिलिमीटर असते, दुसरीत 30. दहा कड्यांत हा फरक 20 मिलिमीटर होतो आणि साखळी भाराखाली खाचांतून उड्या मारू लागते. जिप्सीवरील खूण वाचावी आणि साखळीचा तुकडा प्रत्यक्ष बसवून पाहूनच खरेदी करावी.

टप्पा 2: ओझे कुठे ठेवायचे याचा निर्णय

बहुतेक होड्यांत कप्पा अगदी पुढच्या टोकाला असतो आणि तिथले ओझे होडीला सर्वांत महाग पडते. टोकावर जड झालेली होडी लाटेवर चढण्याऐवजी लाटेत नाक खुपसते आणि घोड्यासारखी मागेपुढे डुलत राहते. होडीच्या मध्यापासून अंतर निम्मे केले तर डुलण्यातला त्या ओझ्याचा वाटा एक चतुर्थांश होतो, कारण तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे साखळी दोन मीटर मागे नेल्यानेही होडीच्या वागण्यात फरक जाणवतो.

साखळी मागे न्यायची तर विंडलासपासून कप्प्यापर्यंत नळी घालावी लागते, आणि इथे एकच चूक पुन्हा पुन्हा होताना मी पाहिली आहे: केबिनमधली जागा वाचवण्यासाठी नळी जवळजवळ आडवी टाकली जाते. अशा नळीतून साखळी बाहेर सहज जाते, कारण बाहेर ओढणारा नांगर असतो. पण आत येताना तिला ओढायला तिच्या स्वतःच्या वजनापलीकडे काहीच नसते. ती नळीच्या मध्यावर थांबते, मागून येणारी साखळी तिच्यावर चढते आणि नळी कोंबल्यासारखी गच्च होते.

नळी कापण्यापूर्वी जमिनीवर प्रयोग करावा. त्याच व्यासाचा दोन मीटर तुकडा घ्यावा, त्यात मीटरभर साखळी घालावी आणि एक टोक हळूहळू उचलत जावे. साखळी ज्या कोनात आपोआप घसरते तो कोन मोजावा आणि होडीत बसवताना नळी त्याहून आणखी 10 ते 15 अंश उभी ठेवावी. समुद्रात साखळीला चिखल लागलेला असतो आणि होडी स्वतःही मागेपुढे झुकत असते, त्यासाठी ही सवलत लागते. नळी सरळ, आतून गुळगुळीत आणि शक्यतो एकसंध असावी. सांध्याची कड आत डोकावत असेल तर कडी तिथे अडणार, हे धरून चालावे.

उतार मिळत नसेल तर नळीचा नाद सोडावा. पुढच्या टोकावर नीट भरलेली साखळी मागे अर्धवट अडकणाऱ्या साखळीपेक्षा केव्हाही सुरक्षित असते.

टप्पा 3: कप्प्याची तयारी

कप्पा पूर्ण रिकामा करावा. जास्तीचे दोर, फेंडर, बादली, रंगाचे डबे यांतले काहीही साखळीच्या कप्प्यात ठेवू नये, कारण सैल दोराचा एक वेढा कडीत शिरला की तो साखळीबरोबर वर येऊन चाकीत गुंततो. विंडलासची वीजजोडणी कप्प्यातून जात असेल तर तारा साखळीच्या पडण्याच्या रेषेतून बाजूला, वरच्या अंगाला बांधून घ्याव्यात.

नंतर तळ पाहावा. होडीच्या कवचावर थेट साखळी आपटू देऊ नये. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा जाळीदार खोटा तळ बसवावा आणि त्यावर भोके असलेली जाड रबरी चटई टाकावी. यामुळे आपटण्याचा मार कवचाला लागत नाही, आवाज कमी होतो आणि साखळीखाली पाणी साचत नाही. होडी ॲल्युमिनियमची असेल तर ही चटई सोय म्हणून नव्हे, गरज म्हणून घालावी. ओले, खारट, जस्त चढवलेले पोलाद ॲल्युमिनियमला चिकटून राहिले की गंज लागायला वेळ लागत नाही.

पाण्याचा निचरा कप्प्यातून थेट समुद्रात, पाणरेषेच्या वर व्हावा. निचरा बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाशी पाणी साचते त्या जागेत, सोडला तर साखळीबरोबर येणारा चिखल पंपाच्या गाळणीत जाऊन बसतो, आणि पंप नेमका हवा असतो तेव्हा तुंबतो. एका बारीक भोकापेक्षा 25 मिलिमीटरच्या आसपासची दोन भोके बरी, कारण एक शेवाळाने बुजले तरी दुसरे चालते.

तपासणी: कप्प्यात एक बादली पाणी ओतावे. ते मिनिटभरात पूर्ण गेले पाहिजे, आणि केबिनच्या बाजूला हात फिरवला तर भिंत कोरडी लागली पाहिजे. कप्पा आणि केबिन यांच्यातील भिंत गळत असेल तर ती आधी बुजवावी. साखळी भरल्यावर तिथे हात पोहोचत नाही.

शेवटचे टोक बांधण्यासाठी कप्प्यात मजबूत कडे हवे. ते मागून जाड पट्टी लावून, बोल्टने, भक्कम भिंतीत बसवावे आणि तळाशी न बसवता वरच्या भागात बसवावे. तळाशी बसवलेले कडे साखळीखाली पुरले जाते आणि पुढची पाच वर्षे कोणी त्याच्याकडे पाहत नाही.

टप्पा 4: साखळी जमिनीवर अंथरणे

साखळी पिंपातून किंवा पोत्यातून थेट कप्प्यात रिकामी करू नये. पोते ओतले की त्यातली साखळी उलट्यासुलट्या वेढ्यांनी पडते, आणि अनेकदा नांगराकडचे टोकच सर्वांत खाली जाते. अशी साखळी पहिल्याच वेळी अडकते.

स्वच्छ, सपाट जागी साखळी पाच-पाच मीटरच्या समांतर ओळींत मागेपुढे अंथरावी. ओळी एकमेकींवर चढू देऊ नयेत. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन पीळ काढावा: एक कडी आडवी असेल तर तिच्यापुढची उभी आणि त्यापुढची पुन्हा आडवी, हा क्रम डोळ्यांनी पाहत जावे. क्रम तिरपा होत गेलेला दिसला तर तिथे पीळ आहे; मोकळ्या टोकाकडून तो फिरवून सोडवावा. पीळ असलेली साखळी जिप्सीच्या खाचेत वाकडी बसते आणि ढिगात पडतानाही सरळ न पडता गुंडाळी घेते. नांगराजवळ फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, लावली की पिळाचा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटते. पण साखळीच्या पोटात आधीच असलेला पीळ तिने निघत नाही.

खुणा करायची वेळ हीच आहे. दर 10 मीटरला रंगाचा पट्टा द्यावा आणि प्रत्येक पट्टा मीटरभर लांब ठेवावा, कारण धावत्या साखळीवर दोन कड्यांचा रंग दिसत नाही. शेवटचे 5 मीटर पूर्ण लाल करावेत. लाल दिसले की साखळी संपत आली, हे रात्रीही न मोजता कळते.

टप्पा 5: शेवटचे टोक बांधणे

हे काम दहा मिनिटांचे आहे, पण त्यातली चूक होडी गमवायला पुरेशी ठरू शकते. दोन टोकाच्या चुका आढळतात. काहींनी टोक बांधलेलेच नसते, आणि ब्रेक सुटला की साखळी नांगरासह समुद्रात जाते. काहींनी ते पोलादी शॅकलने, म्हणजे पिन फिरवून बंद होणाऱ्या कडीने, कड्याला जखडलेले असते. रात्री दुसरी होडी घसरत अंगावर आली आणि साखळी सोडून निघायची वेळ आली, तर अंधाऱ्या कप्प्यात वाकून, ताणाखाली गंजलेल्या शॅकलची पिन फिरवणे कोणालाही शक्य होत नाही.

टोक नायलॉनच्या दोराने बांधावे. 8 मिलिमीटरच्या साखळीला 10 ते 12 मिलिमीटरचा दोर चालतो. दोर आतल्या कड्याला बोलाईनने, म्हणजे न आवळणाऱ्या फासाच्या गाठीने, बांधावा आणि साखळीच्या शेवटच्या कडीत गाठून किंवा गुंफून घ्यावा. तिथे शॅकल लावू नये, कारण शॅकल जिप्सीतून जात नाही. दोराची लांबी अशी ठेवावी की साखळी पूर्ण सुटल्यावर तिची शेवटची कडी डेकवर येऊन थोडी पुढे जाईल आणि ताण दोरावर पडेल. मग डेकवर उभे राहून सुरीने तो कापता येतो. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे साखळी सुसाट जाऊन संपली तरी बसणारा हिसका पोलादापेक्षा पुष्कळ मऊ असतो.

तपासणी: साखळी भरण्यापूर्वी नुसते शेवटचे टोक हाताने वर ओढावे. कडी डेकवर आली आणि दोर भोकातून व जिप्सीवरून न अडकता गेला, तरच पुढे जावे. सुरी कप्प्याच्या झाकणाजवळ कायमची बांधून ठेवावी. टोक कापून साखळी सोडताना तिला बांधायला लांब दोराचा एक बोयाही तयार असावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत येऊन नांगर शोधता येतो.

टप्पा 6: पहिली भरणी

साखळी होडीवर आणताना डेकवर आणि पुढच्या कडेवर जुनी सतरंजी किंवा जाड गालिचा टाकावा. बादलीत दहा-बारा मीटरच घ्यावेत. 8 मिलिमीटरच्या साखळीचे तेवढे तुकडेच 14 ते 17 किलोचे होतात आणि पाय घसरला तर त्याहून जास्त वजन सावरत नाही. साखळी तोडलेली नसल्याने एकामागून एक बादल्या रांगेने पुढे सरकवाव्यात. त्यासाठी दोन माणसे लागतात.

दोराला बांधलेले टोक आधीच कप्प्यात आहे. तिथून पुढे साखळी होडीच्या टोकावरच्या रोलरवरून जिप्सीवर घ्यावी आणि विंडलासने आत ओढावी. पहिले पाच मीटर आत गेले की थांबावे, वीज बंद करावी आणि कप्प्यात पाहावे. साखळी कप्प्याच्या मध्यावर पडते की एका भिंतीला घासून, हे याच वेळी दिसते. ती भिंतीकडे पडत असेल तर ढीग एका बाजूला चढेल आणि उंची अकाली संपेल. भोकाखाली प्लास्टिकची अर्धगोल पन्हळ लावून पडण्याची दिशा मध्यावर आणता येते.

इथे ढिगाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण अडकण्याचे मूळ त्यातच आहे. साखळी एकाच बिंदूवर पडत राहिली की तिचा उंच, अरुंद सुळका उभा राहतो. होडी स्थिर असेपर्यंत तो टिकतो. पहिल्या मोठ्या लाटेला तो आडवा होतो, आणि आडवा होताना माथ्यावरचे वेढे बाजूला, खालच्या अंगाला जाऊन पडतात, तर त्यांच्या आधी आलेले वेढे त्यांच्यावर येतात. सर्वांत शेवटी आत आलेली साखळी सर्वांत आधी बाहेर जायला हवी. ती आता दाबून गेलेली असते. बाहेर ओढली की ती वरचा वेढा उचलत येते आणि तो पुंजका भोकात अडकतो. नांगर टाकताना भोकातून एकाच वेळी साखळीचे तीन पदर डोकावताना दिसले, तर घडले ते हेच.

खोल आणि अरुंद कप्प्यात सुळका तयार झाला तरी भिंती त्याला धरून ठेवतात, म्हणून असे कप्पे आपोआप चांगले भरतात. रुंद आणि उथळ कप्प्यात सुळका मोडावाच लागतो. त्यावर एक साधा उपाय मी स्वतः वापरतो: कप्प्याच्या मध्यावर, भोकाच्या बरोबर खाली, रस्त्यावर ठेवतात तसा प्लास्टिकचा शंकू टोक वर करून खोट्या तळाला पक्का बसवायचा. साखळी टोकावर आपटून सगळ्या बाजूंनी खाली घरंगळते आणि ढीग कडीसारखा गोल, बुटका होतो. शंकूचे टोक भोकापासून पुरेसे खाली हवे, नाहीतर मोकळी उंची आपणच खाऊन टाकू.

जस्त चढवलेल्या नव्या साखळीवर बारीक टोके असतात आणि ती जास्त उंच रचली जाते. काही वेळा वापरल्यावर ती गुळगुळीत होते. स्टेनलेस साखळी घसरडी असल्याने बरीच सपाट पसरते. गंजलेली साखळी सर्वांत वाईट, कारण तिच्या कड्या एकमेकींना धरून बसतात.

दर 10 मीटरला थांबून ढीग पाहावा. सुळका चढलेला दिसला तर लाकडी दांड्याने ढकलून तो पसरवावा.

सावधान: विंडलास चालू असताना कप्प्यात हात, पाय किंवा डोके घालू नये. पायाच्या बटणावर एक माणूस आणि कप्प्यात दुसरा, ही जोडी बोटे तुटण्याची हमखास रीत आहे. ढिगाला हात लावण्यापूर्वी वीज मुख्य बटणावरून तोडावी, आणि ज्याने तोडली त्यानेच ती पुन्हा जोडावी. हातमोजे, केस आणि सैल बाह्या यांची काळजी चाकीजवळ वेगळी घ्यावी.

टप्पा 7: बाहेर सोडून पाहणे

भरणी पुरी झाली तरी काम पुरे झालेले नाही. वारा शांत असताना, मोकळ्या पाण्यात, पहिल्याच आठवड्यात साखळी लाल खुणेपर्यंत सोडून पाहावी. विजेवर न सोडता ब्रेक सैल करून, स्वतःच्या वजनाने जाऊ द्यावी, कारण घाईच्या वेळी ती तशीच जाणार आहे. खोली अशी निवडावी की नांगर तळाला टेकलेला असेल; 60 मीटर साखळी नांगरासह पाण्यात उभी लोंबत ठेवली तर ती परत उचलणे लहान विंडलासला झेपेलच असे नाही.

सोडताना कान भोकाकडे द्यावेत. मोकळ्या साखळीचा खळखळाट एकसारखा चालू राहतो. मध्येच तो तुटून एक जड ठोका ऐकू आला, म्हणजे दोन वेढे एकदम उचलले गेले. ठोका कितव्या खुणेवर आला ते लिहून ठेवावे. पुढच्या भरणीत बरोबर तिथेच ढीग मोडला की नाही हे पाहता येते.

टप्पा 8: रोजची ओढणी

नांगर उचलताना होडी ओढण्याचे काम विंडलासला लावू नये. इंजिनाने हळू पुढे जावे, साखळी सैल होऊ द्यावी, ती उचलावी आणि पुन्हा पुढे जावे. ताणलेली साखळी जिप्सीवरून झटक्याने सुटते आणि कप्प्यात वेडीवाकडी पडते.

साखळी रोलरवर येताच, आत जाण्यापूर्वी, समुद्राच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. चिकट चिखल घेऊन आत गेलेली साखळी उंच रचली जाते, कुबट वास सोडते आणि निचऱ्याची भोके बुजवते. घाई असेल तर धुणे सोडून निघावे, पण पुढच्या शांत थांब्यावर ती पूर्ण काढून धुण्यावाचून सुटका नाही.

आत येणाऱ्या साखळीचा आवाजच पुरेशी माहिती देतो. पडण्याची उंची असेपर्यंत कड्या खणखणत खाली पडतात. माथा वर आला की आवाज आखूड आणि बोथट होतो. तो बदलला की थांबावे, वीज तोडावी आणि ढीग दांड्याने पसरवावा. आपल्या होडीत हे किती मीटरवर होते हे दोन-तीन वेळांत पाठ होते. माझ्या होडीत ते शेवटच्या 15 मीटरला होते, म्हणून तिथे मी आवाज न बदलताही थांबतो.

नांगर रोलरवर आला की भार विंडलासवर सोडू नये. साखळी अडकवणी किंवा आखूड दोर लावून भार डेकवरच्या भक्कम खुंटीवर द्यावा.

टप्पा 9: लांब प्रवासाला निघण्यापूर्वी

किनाऱ्याजवळ असेपर्यंत नांगर क्षणात टाकता येईल अशा स्थितीत ठेवावा. किनारा मागे पडला आणि पुढचे काही दिवस नांगराची गरज नाही हे निश्चित झाले, की बांधाबांध करावी. नांगर रोलरमध्ये आडव्या पिनेने अडकवून शिवाय दोराने दोन ठिकाणी आवळावा. ढिगावर जाळी किंवा फळी ठेवून ती बाजूच्या कड्यांना ताणून बांधावी. होडी आडवी झाली तर ऐंशी किलो साखळी एका बाजूला घसरते आणि होडीला उठू देत नाही. ती उलटली तर ढीग झाकणावर येऊन पडतो. म्हणून झाकणालाही आतून धरणारी भक्कम कडी हवी.

विंडलासखालच्या भोकाला घट्ट बूच लावावे. पुढून येणारी प्रत्येक लाट त्यातून पाणी ओतते, आणि एका रात्रीत कप्प्यात साचणारे पाणी साखळीइतकेच जड होऊ शकते.

अगदी लांब पल्ल्यासाठी काही जण साखळी काढून पिशव्यांत भरतात आणि डोलकाठीजवळ, खाली बांधून ठेवतात. होडीचे डुलणे त्याने खरोखर कमी होते. हे करायचे तर साखळी दहा-दहा मीटरच्या वेढ्यांनी, नांगराकडचे टोक वर राहील अशीच भरावी, आणि किनारा दिसण्याच्या एक दिवस आधी ती परत जागेवर लावावी. किनाऱ्याजवळ येऊन हे काम काढू नये.

अडकलीच तर

साखळी सुटताना अडकली तर विंडलासने उलटसुलट हिसके देऊ नयेत. त्याने गुंता आवळतो. ब्रेक लावावा, बाहेरच्या साखळीला हूक आणि दोर लावून भार खुंटीवर घ्यावा, वीज तोडावी, आणि मगच कप्पा उघडावा. भोकाखालून सुरुवात करून जाणारा पदर बोटांनी मागे मागे शोधत जावे आणि त्याच्यावर आडवा पडलेला वेढा उचलून बाजूला ठेवावा. बहुतेक वेळा असा एकच वेढा असतो. तो मिळेपर्यंत बाकी ढीग हलवू नये.

देखभाल

हंगामातून एकदा साखळी पूर्ण काढून गोड्या पाण्याने धुवावी, कप्पा वाळू द्यावा आणि भोकांतून तार फिरवावी. बंद, ओल्या कप्प्यातील गंज हवेतला प्राणवायू खातो. मोठ्या जहाजांच्या साखळीच्या कप्प्यांत यामुळे माणसे दगावली आहेत. लहान होडीतही डोके आत घालण्यापूर्वी झाकण थोडा वेळ उघडे ठेवावे.

साखळीची टोके वर्षाआड बदलावीत, म्हणजे नेहमी वापरात येणारा भाग आत जातो. कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथली जाडी मोजावी. मूळ जाडीपेक्षा 10 टक्के कमी झाली असेल, म्हणजे 8 मिलिमीटरची कडी 7.2 पर्यंत आली असेल, तर तो भाग बाद करावा. टोके बदलताना शेवटचा दोरही बदलावा, आणि तो पुन्हा एकदा हाताने डेकपर्यंत ओढून पाहावा. लाल खूण आता दुसऱ्या टोकाला गेलेली असते, तीही त्याच दिवशी नव्याने रंगवून घ्यावी.